मळीच्या टाकीत पाणी भरलं तेव्हा

"साहेब, गाडी उभी राहिलती. मंग कुणीतरी मागून ढकललं."

सोपान सानप हे वाक्य तिसऱ्यांदा बोलला आणि कारखान्याचे एम.डी. देशमुख साहेब यांनी पेन टेबलावर आपटलं.

"कोणी ढकललं? मागं कोण होतं?"

"कुणीच न्हवतं."

"मग भुतानं ढकललं का बे?"

सोपान खाली मान घालून उभा राहिला. पन्नाशीचा माणूस. आष्टीकडचा. आई-वडील ऊसतोडीला आमच्या कारखान्यावर यायचे, हा इथंच ट्रकवर क्लीनर झाला आणि पुढे ड्रायव्हर. वीस वर्षांत त्याच्या गाडीचा साधा आरसासुद्धा फुटला नव्हता. आदल्या दिवशी मात्र त्याचा टँकर डोंगरातल्या एका वाडीच्या उतारावर नाल्यात गेला होता. समोर घागरी घेऊन दहा-बारा बाया उभ्या होत्या. एकीलाही खरचटलं नाही, हे नशीब. गाडीचा पुढचा एक्सल वाकला होता आणि टाकीतलं पाणी नाल्याच्या वाळूनं पिऊन टाकलं होतं.

मी माजलगाव भागातल्या एका सहकारी साखर कारखान्यात वाहन विभागाचा प्रमुख होतो. चौकशीत मी का, तर ब्रेकचा रिपोर्ट माझ्या सहीनं जाणार होता म्हणून.

"अप्पा, ब्रेक कसे होते?" देशमुख साहेबांनी मला विचारलं.

"रात्री गाडी नाल्यातून ओढून आणली, सकाळीच चाकं उतरवून बघितले. ठीक आहेत. लायनर जाड आहेत, एअर प्रेशर बरोबर आहे."

"म्हणजे गाडीचा दोष नाही. सानप, ब्रेक दाबला होता ना?"

"दाबला व्हता. गाडी थांबली. पुन्हा सरकली. समोर बाया व्हत्या. म्हून ब्रेक सोडला अन् डावीकडं वढली."

देशमुख साहेब एकदम पुढे झुकले. "काय केलं?"

"ब्रेक सोडला."

"समोर माणसं असताना ब्रेक सोडला?"

"हाव."

साहेबांनी ते वाक्य लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ मारली. त्यांच्या दृष्टीनं चौकशी तिथंच संपली. संध्याकाळी निलंबनाचा कागद नोटीस बोर्डावर लागला. गावात तोवर पसरलं होतं की सोपान प्यालेला होता. तो चहाही घेत नसे.

मला मात्र ते वाक्य सोडेना.

त्याचं कारण सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. मी मूळ चौसाळ्याचा. घरी किराणा-भुसार दुकान. वडिलांची इच्छा मी गादीवर बसावं अशी होती. मी हवाई दलात भरती झालो आणि पंधरा वर्षं एअरफ्रेम फिटर होतो. एअरफ्रेम म्हणजे विमानाचा सांगाडा. इंजिन आणि वायरिंग सोडून जे उरतं, ते सगळं आमच्याकडे. त्यातली दोन वर्षं मला विमानं बनवणाऱ्या कारखान्यात पाठवलं होतं. तिथं इंधनाच्या टाक्यांचं काम माझ्याकडे आलं, कारण मी अंगानं बारीक होतो आणि टाकीच्या तोंडातून आत शिरू शकत होतो.

हवाई दलात एक शिस्त होती. पायलट खाली उतरला की तक्रारीच्या वहीत स्वतःच्या शब्दांत लिहायचा. "डावीकडे वळताना विमान ऐकत नाही," "उतरताना शेपटीत कोणीतरी खोकतं," असंही लिहायचे. आम्ही हसायचो. आमचे वॉरंट ऑफिसर हसत नसत. म्हणायचे, "पायलटचं वाक्य चुकीचं वाटलं तर आधी विमान तपासा. पायलट नंतर."

पेन्शन घेऊन मी परत आलो आणि या कारखान्यात लागलो तेव्हा चेअरमननी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "विमानाचा माणूस ट्रक काय दुरुस्त करणार?" मी म्हणालो होतो, "ट्रक निदान रस्त्याकडेला उभा करून दुरुस्त करता येतो." त्यावर नोकरी मिळाली.

तर, दुष्काळाचं ते वर्ष. धरणात गाळाच्या वरचं पाणी संपत आलेलं. ऊसच नाही म्हटल्यावर गाळप दीड महिन्यात आटोपलं. कारखान्याकडे मळी वाहून नेणारे तीन टँकर होते. मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर उरणारा काळा, चिकट पाक. हंगाम बंद, टँकर रिकामे. संचालक मंडळानं ठराव केला की टाक्या धुऊन त्यातून बालाघाटातल्या वाड्यांना पाणी द्यायचं. चांगला ठराव होता. माझ्याच वर्कशॉपनं टाक्या धुतल्या, आतून रंग दिला, मागं नवे व्हॉल्व्ह बसवले. टँकरला हार घालून नारळ फुटला तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं जी चूक निघाली ती माझ्याही नजरेखालून गेलेली होती.

चौकशीच्या दुसऱ्या दिवशी मी मोटरसायकल काढून त्या उतारावर गेलो.

वाडी दोन भागांत होती. वरची वाडी आणि खालची वाडी. टँकर आधी वरच्या वाडीत अर्धं पाणी सोडायचा आणि उरलेलं अर्धं घेऊन उतारानं खालच्या वाडीला यायचा. रस्ता मुरमाचा. नाल्याजवळ केवळाबाई नावाची एक म्हातारी भेटली. अपघाताच्या वेळी सगळ्यांत पुढं तीच होती.

"मावशी, गाडी कशी आली?"

"बेतानं आली बाबा. रोजच्यावानीच. हितं थांबली. थांबली म्हून तर आमी घागरी घेऊन म्होरं झालो."

"पूर्ण थांबली होती?"

"तर! चाकं गच्च उभी राहिली की. मंग टाकीत ढुम्म करून आवाज झाला, लई मोठा. अन् गाडी अंगावर आली."

"आवाज आधी की गाडी आधी?"

एवढं बारीक कोणी विचारलं नव्हतं तिला. "आवाज आधी," ती म्हणाली. "मंग गाडी."

मी खाली बसून चाकांच्या खुणा बघितल्या. मुरमात चाकं घासत आल्याचे लांब चर होते. त्यांच्या टोकाला मुरमाचा छोटा ढीग साचलेला. चाक घासत येऊन थांबलं की पुढं असा ढीग होतो. म्हणजे गाडी तिथं थांबली होती. ढिगाच्या पलीकडं परत दोन-अडीच हात घासल्याची खूण. आणि त्यापुढं घासल्याची खूण नाहीच. फिरत्या चाकाची साधी नक्षी, डावीकडं वळत नाल्यात गेलेली.

सोपाननं जे सांगितलं होतं ते सगळं त्या मुरमात लिहिलेलं होतं.

"मावशी, तो प्यालेला होता का?"

"कावून इचारता असं? त्यानं गाडी नाल्यात घातली म्हून मी उभी हाय हितं." मग तिनं विचारलं, "आता टँकर येणार का न्हाई?"

मी मोटरसायकलकडे वळलो.

परत येताना सगळं जुळत गेलं. टाकीत द्रव अर्धवट असतो तेव्हा तो हलतो. गाडी थांबते, पाणी थांबत नाही. ते मागून पुढं धावतं आणि टाकीच्या पुढच्या भिंतीवर आदळतं. चार-पाच टन पाणी एका दमात आदळलं तर उतारावरची, मुरमावरची गाडी ब्रेकसकट सरकते. सोपानला कोणीतरी ढकललं होतं हे खरं होतं. ढकलणारा त्याच्याच पाठीमागं टाकीत बसलेला होता.

मग मळीनं इतकी वर्षं का ढकललं नाही? मळी घट्ट असते. ती टाकीत धावत नाही, रेंगाळते. म्हणून टाकी बनवणाऱ्यानं आत काही घातलं नव्हतं आणि मळीसाठी ते बरोबरच होतं. पाण्यासाठी नव्हतं. आणि विमानात तर इंधन हे पाण्यासारखंच पातळ. लढाऊ विमान कलतं, वर चढतं, खाली झेपावतं. टाकीतलं इंधन एका बाजूला धावलं तर विमानाचा तोल जातो. त्यासाठी टाकीत आडव्या भिंती असतात, भोकं पाडलेल्या. द्रव त्यातून जातो, पण झिरपत, धावत नाही. त्यांना बॅफल म्हणतात. दोन वर्षं मी त्यांच्यामध्ये सरपटत होतो आणि टँकरला नारळ फुटला तेव्हा मला त्या आठवल्या नाहीत.

ब्रेक सोडल्याचा उलगडाही विमानातच होता. घासत जाणारं चाक वळत नाही. स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. विमान धावपट्टीवर उतरताना चाक असं अडकून घासू नये म्हणून ब्रेक आपोआप क्षणभर सोडून परत धरणारी यंत्रणा विमानात आधी आली, मोटारींत पुष्कळ नंतर. सोपाननं ते काम पायानं केलं होतं. ब्रेक सोडला नसता तर गाडी बायांच्या अंगावर गेली असती.

मी हे सगळं देशमुख साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"अप्पा, तुमच्या विमानाच्या गोष्टी मला आवडतात. पण पाणी एवढा मोठा ट्रक ढकलतं हे मी बोर्डापुढं कसं सांगू?"

"तुम्ही सांगू नका. तुम्ही केबिनमध्ये बसा."

दुसऱ्या टँकरमध्ये मी बरोबर अर्धी टाकी पाणी भरून घेतलं. कारखान्याच्या ऊस-यार्डाला एका बाजूला थोडा उतार आहे. तिथं खाली गाडीपुढं कोणी येऊ नये म्हणून दोऱ्या बांधल्या. गाडी मी स्वतः चालवायला घेतली. देशमुख साहेब शेजारी बसले, हातात फाइल.

"किती स्पीड?"

"बैलगाडीपेक्षा थोडं जास्त."

उताराच्या मध्यावर ब्रेक दाबला. गाडी घासत गेली आणि उभी राहिली. मी पाय तसाच दाबून ठेवला.

"थांबली की," साहेब म्हणाले.

मागून ढुम्म आवाज झाला. गाडी हिसका खाऊन पुढं सरकली. साहेबांची फाइल डॅशबोर्डवर आणि कपाळ काचेला. फार लागलं नाही. ते माझ्या पायाकडे बघत राहिले. पाय अजून ब्रेकवरच होता.

"पुन्हा करा," ते म्हणाले. मला त्यांचं हे आवडलं. दुसऱ्या वेळी त्यांनी फाइल सोडून दोन्ही हातांनी दांडी धरली. तिसऱ्या वेळी पूर्ण भरलेल्या टाकीवर केलं. गाडी थांबली ती थांबली. पाण्याला धावायला जागाच नव्हती.

"म्हणजे भरलेली चालते, रिकामी चालते, अर्धी चालत नाही?"

"हो. आणि आपण रोज अर्धीच उतारावरून नेत होतो."

खाली उतरल्यावर ते म्हणाले, "सानपला बोलवा. पण त्याआधी सांगा, किती दिवस लागतील? वाड्यांना पाणी बंद ठेवता येणार नाही."

"दोन्ही चालू टँकर आजपासून पूर्ण भरून एकाच ठिकाणी रिकामे करू. बाकीच्या वाड्यांच्या खेपाही त्या दोघांवरच आहेत, म्हणून इथं एक दिवस वरची वाडी, एक दिवस खालची. तिसरा नाल्यातून काढून आणलाय, त्याच्यावर पहिलं काम करतो. मला चार दिवस द्या."

एक दिवसाआड पाणी म्हटल्यावर दोन्ही वाड्या चिडल्या. साहजिक होतं. वरच्या वाडीचे लोक म्हणाले, आमच्याकडं तर अपघात झालाच नाही. ते चार दिवस मला फार जड गेले.

आमचा वेल्डर यूसुफभाई. माणूस हाडकुळा, जीभ तिखट, हात सोन्याचे. मी त्याला जमिनीवर खडूनं बॅफल काढून दाखवला. टाकीच्या आकाराचा गोल पत्रा, त्यात सात मोठी भोकं, खाली आणि वर अर्धचंद्रासारखी खाच. खालची पाणी पूर्ण रिकामं व्हावं म्हणून, वरची हवा जावी म्हणून. अशा तीन भिंती एका टाकीत.

"इत्ती भोकं पाडली तर पत्रा कमजोर होईल ना अप्पा?"

"भोकाची कड दाबून वळवायची. परातीच्या काठासारखी. मग कमजोर होत नाही, उलट ताठ होतो. विमानाचे पंख आतून सगळे असेच भोकांचे असतात."

"अन् ते उडतंय?"

"उडतं."

"बघू मग," म्हणाला आणि कामाला लागला.

कड वळवायला साचा हवा होता. भंगारातला एक जुना ब्रेक ड्रम खाली ठेवला, वरून लोखंडाचा गोळा टर्नरकडून बनवून घेतला आणि बेअरिंग बसवायच्या प्रेसवर दाबलं. पहिले दोन पत्रे फाटले. तिसऱ्याला कड अशी स्वच्छ वळली की यूसुफभाईनं तिच्यावरून अंगठा फिरवला आणि मला हाक मारून दाखवली.

पुढची अडचण अशी की टाकीचं तोंड हातभर रुंद, भिंत पुरुषभर उंच. आख्खी आत जाईना. विमानात हीच अडचण असते. चार पट्ट्या करून आत न्यायच्या आणि आत नटबोल्टनं जोडायच्या. टाकीच्या भिंतीला तेवढी लोखंडी अँगलची कडी वेल्ड करायची. आत मी शिरणार होतो. तोंडात कमरेपर्यंत गेलो आणि अडकलो. दोघांनी ओढून काढलं. हवाई दल सोडल्यापासून चौसाळ्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मला मानवली होती. मग यूसुफभाई आत गेला.

एप्रिलचं ऊन. काम पहाटे पाच ते नऊ. त्यानंतर टाकीला हात लावता येत नसे. आत हवा जावी म्हणून पंखा लावला, यूसुफभाईच्या कमरेला दोर बांधला आणि दोराचं टोक धरून एक माणूस कायम बाहेर. आत गेलेलं प्रत्येक हत्यार मी टाकीच्या अंगावर खडूनं लिहीत होतो, बाहेर आलं की खोडत होतो. यूसुफभाई वैतागला. "मैं क्या चोर हूं?" शेवटच्या दिवशी तो घामानं निथळत बाहेर आला आणि एक छिन्नी खोडायची राहिली होती. मी त्याला परत आत पाठवलं. त्यानं जाताना जे म्हटलं ते इथं लिहीत नाही. छिन्नी व्हॉल्व्हच्या तोंडाशीच होती. बाहेर येऊन त्यानं ती माझ्या हातात दिली आणि स्वतःच खडूची रेघ खोडली.

एक्सल बदलला. पाचव्या दिवशी सकाळी टँकर अर्धा भरून यार्डाच्या उतारावर नेला. ब्रेक दाबला. गाडी थांबली. आत खळखळ झाली, डेऱ्यात रवी फिरवल्यासारखी, आणि विरून गेली. चाक बोटभरही हललं नाही.

खरी परीक्षा वाडीच्या उतारावर होती. सोपाननं चालवायला नकार दिला.

"मला भ्या वाटत न्हाई साहेब. पर तिथं बाया असत्यात. त्यांना माझ्या गाडीचं भ्या वाटंल."

मी म्हणालो, "त्यांना विचारून तर बघ."

देशमुख साहेब जीपनं पुढं गेले आणि नाल्याजवळ जाऊन उभे राहिले. सोपान अखेर स्टिअरिंगवर बसला, मी त्याच्या शेजारी. वरच्या वाडीत अर्धं पाणी सोडलं आणि उताराला लागलो. सोपानचे ओठ घट्ट मिटलेले. खाली लोक रस्त्याच्या कडेला, चुन्याच्या रेघेमागं उभे होते. ठरल्या जागी त्यानं ब्रेक दाबला. गाडी थांबली. आम्ही दोघांनीही श्वास धरून मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. आत पाणी थोडं कुजबुजलं आणि गप्प झालं.

सोपान स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिला. केवळाबाई घागर घेऊन पुढं आली आणि त्याच्या दारापाशी उभी राहून म्हणाली, "उतर की खाली. पाणी काय तुझा बाप सोडणार?"

तो उतरला. व्हॉल्व्ह सोडताना त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं, जरा जास्त वेळ.

पुढच्या आठ दिवसांत बाकी दोन टाक्याही झाल्या. दोन्ही वाड्यांना रोज पाणी सुरू झालं. चौकशीचा रिपोर्ट देशमुख साहेबांनी नव्यानं लिहिला. त्यात स्पष्ट म्हटलं होतं की दोष टाकीच्या बदललेल्या वापराचा आहे आणि चालकानं प्रसंगावधान राखून माणसं वाचवली. टाकी पाण्यासाठी देताना तपासणारा विभाग माझा होता, तेही वाक्य त्यात घालायला मी सांगितलं. ते घातलं गेलं.

साहेबांनी सोपानला विचारलं, "आणखी काही पाहिजे?"

"तो पैला कागद बोर्डावर लावला व्हता," सोपान म्हणाला. "समद्यांनी वाचला. ह्यो बी तिथंच लावा. तेवढेच दिवस."

साहेबांनी तो लावला. महिनाभर ठेवला.

पावसाळ्यानंतर टाक्या बनवणाऱ्या कंपनीचा माणूस दुसऱ्या कामासाठी आला होता. त्यानं टाकीत टॉर्च मारून बघितलं आणि विचारलं, "हे कोणी केलं?" मी यूसुफभाईकडे बोट दाखवलं. त्यानं यूसुफभाईकडून मापं उतरून घेतली. नंतर त्यांच्याकडून पाण्याचे जे टँकर आले त्यांत भिंती होत्या, कड वळवलेल्या.

मी निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही कोणी टँकर घ्यायच्या आधी सल्ला विचारायला येतं. किती लिटरचा, कोणत्या कंपनीचा, हे लोक आधी सांगतात. मी दोनच गोष्टी विचारतो. आत काय भरणार, आणि ते अर्धं झाल्यावर गाडी कुठून जाणार. बऱ्याच जणांनी याचा विचार केलेला नसतो. त्यांना मी चहा पाजतो आणि विचार करून यायला सांगतो.